दोन गळ्यांचा धर्मराज

भोकरदनच्या बाजारात कुणाही म्हाताऱ्याला विचारा, धर्मराज गाणारा कोण होता? तो आधी हातातली पिशवी खाली ठेवील. मग सांगेल, की असा गळा पुन्हा झाला नाही. जालन्या-जाफराबादचे लोक लग्नाची तारीख धरायच्या आधी धर्मराज मोकळा आहे का ते विचारून जायचे. एवढं सांगून तो पिशवी उचलील आणि चालायला लागेल. पुढचं कोणी सांगत नाही. ते इथं सांगायचं आहे.

धर्मराज मच्छिंद्रच्या बँडमध्ये गायचा. बारा माणसं, उन्हानं विटलेले लाल कोट, दोन क्लॅरिनेट, एक भला मोठा ढोल. पुढं हातगाडी, तिच्यावर मोटारीची बॅटरी, आवाजाचं मशीन आणि दोन भोंगे. गाडीच्या मागं लांबलचक वायर आणि वायरीच्या टोकाला माइक धरून चालणारा धर्मराज. पांढरी पँट, गळ्यात रेशमी रुमाल, कपाळावर मुद्दाम सोडलेली केसांची एक बट. बँडात गाणारे शिरा ताणून ओरडतात. धर्मराज ओरडत नसे. तरुणपणी जालन्यात एका हॉटेलात कपबशा विसळताना तिथल्या ग्रामोफोनवर त्यानं जुने गाणारे ऐकले होते. ते कसे अगदी कानाशी येऊन बोलल्यासारखे गात, ते त्यानं उचललं होतं. माइकला ओठ टेकवून तो हलकेच गाई आणि भोंगा ते गाणं सगळ्या गल्लीच्या कानात नेऊन ठेवी. बायका भांडी घासायच्या थांबत. नवरदेवाकडं कोणी बघत नसे.

बँडाचे म्हणून काही नियम होते आणि मच्छिंद्र ते डोळ्यांत तेल घालून पाळायचा. सुतकाच्या घरापुढून जाताना वाजवायचं नाही. म्हणून लग्नाच्या दिवशी सकाळीच कोणीतरी वरातीची वाट पायी पाहून यायचं, कुठल्या घरी काय झालंय ते विचारून यायचं. आणि पाठवणीचं गाणं फक्त नवरीच्या दारात म्हणायचं, दुसऱ्या कुठल्या दारात चुकूनही नाही. ते गाणं झालं की नवरीनं उंबरठा ओलांडायचाच. ओलांडून मागं वळायचं नाही.

ते पाठवणीचं गाणं धर्मराजनं स्वतः जुळवलेलं होतं. एकच कडवं, बापाचं.

*जा गं पोरी, दिस कलला,*
*वाट धर सासरची...*

एकाहत्तर सालचा वैशाख. सकाळी आठलाच ऊन चटकायला लागलं होतं. त्या दिवशी वरातीची वाट पाहून यायची पाळी धर्मराजची होती. तो रमतगमत वरच्या आळीत आला. केशरबाईच्या घरापाशी, खिडकीतून कोणीतरी हाक मारली.

"अहो गाणारे..."

गजांमागं एक मुलगी बसली होती. केशरबाईची प्रभावती. पंधरा दिवसांवर तिचं लग्न होतं, पण आठवडाभर तापानं अंथरुणाला खिळली होती. डोळे पिवळट, ओठ सुकलेले, आणि तरीही हसत होती.

"ते 'जा गं पोरी' तुमचंच ना? एकच कडवं कसं त्याचं? पोरगी काहीच बोलत न्हाई?"

"अजून जुळलं न्हाई, ताई."

"मी जुळवून ठेवते. संध्याकाळी वरात इथूनच चाललीय ना? आमच्या दारात थांबा हं. एक कडवं म्हणा. पुढचं मी सांगते."

नवरीचं दार नसताना ते गाणं म्हणायचं नसतं, हे धर्मराजला ठाऊक होतं. पण आजारी पोरीला नाही कोण म्हणणार? "थांबतो," तो म्हणाला. मच्छिंद्रला त्यानं सांगितलं, वाट मोकळी आहे.

प्रभावती दुपारी बारा-साडेबाराला गेली.

वरात वरच्या आळीत आली तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. केशरबाईच्या दारापुढं माणसं खाली माना घालून बसलेली दिसली आणि मच्छिंद्रनं हात वर केला. ढोल थांबला. क्लॅरिनेट थांबले. बारा माणसं पाय न वाजवता चालायला लागली. नुसतं हातगाडीचं चाक कुरकुरत होतं. धर्मराजनं माइक छातीशी धरला होता. ओठ मिटलेले होते. हे त्याला पुढं आयुष्यभर पक्कं आठवत होतं, की ओठ मिटलेले होते.

आणि भोंग्यातून बाईचा आवाज आला. कोवळा, ओलसर, अगदी कानाशी.

*थांब बाबा, उंबऱ्यावरी*
*सावली राहिली माझी...*

तेवढंच. मग पुन्हा चाकाची कुरकुर.

सगळे धर्मराजकडं वळले. सुतकाच्या दारात गायला म्हणून दोघंतिघं म्हातारे अंगावर धावून आले, आणि येता येताच थांबले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कोपरा वळल्यावर मच्छिंद्रनं त्याला बाजूला घेतलं.

"उस्ताद, हा गळा कुठं लपवून ठेवल्ता?"

धर्मराजनं तोंड उघडलं. खरं सांगायचं तर हीच वेळ होती. पण छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर त्याच्या बापानं घरातले देव केळना नदीत सोडले होते, आणि वस्तीच्या बैठकीत भुताखेतांची सगळ्यांत जास्त टर उडवणारा धर्मराजच होता. तो आता कुठल्या तोंडानं सांगणार? हे एक झालं. दुसरं असं, की बारा माणसं त्याच्याकडं डोळे विस्फारून बघत होती आणि ते त्याला गोड लागलं.

"रियाज करून राह्यलो व्हतो," तो म्हणाला. "माझाच हाय."

त्या दिवसापासून धर्मराजचं नशीब फळफळलं. बापाचं कडवं म्हणून तो थांबे, माइक ओठांशी धरून नुसते ओठ हलवी, आणि पोरीचं कडवं येई. हळूहळू सिनेमातल्या दोघांच्या गाण्यातली बाईची ओळही येऊ लागली. दोन गळ्यांचा धर्मराज म्हणून नाव झालं. धावड्यापासून जालन्यापर्यंत आमंत्रणं. बहात्तरच्या दुष्काळात लग्नं आटली, तर खडी फोडायच्या कामावर बाया त्याला भोंग्यासकट बोलावून गायला लावत आणि हातोडे थांबवून ऐकत. औरंगाबादहून एक जण टेपरेकॉर्डर घेऊन आला. पूर्ण वरात त्यानं टेप केली. रात्री चहा पिता पिता सगळ्यांनी ती ऐकली. धर्मराजची ओळ स्वच्छ होती. बाईच्या ओळीच्या जागी हातगाडीचं चाक कुरकुरत होतं. तो माणूस मशीनला शिव्या देत परत गेला. धर्मराज चहा तसाच टाकून उठला आणि पुन्हा कधी टेपच्या वाटेला गेला नाही.

भीती वाटायची का? सुरुवातीला वाटायची. मग सवय झाली. वैशाखातल्या त्या पिवळ्या उन्हात, धुळीतून चालताना, शेजारून कोणीतरी अनवाणी चालतंय असं त्याला वाटे. हळदीचा वास येई. तो वळून बघत नसे. ती बिचारी दुसरं काय करत होती? प्रत्येक वरातीत यायची, गायची, आणि नवरीच्या दारापाशी, जिथं बँड थांबतो, तिथंच थांबायची.

घरी बायको उषाबाई आणि एकुलती एक मुलगी सत्यशीला, घरात शीला. बापाचा जीव तिच्यात अडकलेला. पण पोरीला सुराचं वावडं. अंगण झाडताना ती बापाचंच गाणं गुणगुणे आणि 'सासरची'वर आली की हमखास घसरे. वर जायचं तिथं तिचा सूर धपकन खाली पडे. धर्मराज दाढी करता करता पोट धरून हसायचा.

"अगं, ही माझी पोरगी न्हाई, हातगाडीच्या चाकाची हाय!"

"मंग चाकाशीच लगीन लावा माझं," शीला म्हणायची आणि पुन्हा तसंच घसरून दाखवायची.

एकोणऐंशीच्या वैशाखात शीलाचं लग्न ठरलं. जाफराबादचं स्थळ, मुलगा शाळेत मास्तर. घर सारवून झालं, आंब्याच्या डहाळ्या बांधून झाल्या. लग्नाला आठ दिवस असताना एका सकाळी धर्मराज अंगणात आरसा टेकवून दाढी करत होता. हात चालू होता, तोंडात आपलं रोजचं, 'वाट धर सासरची...' माइक नाही. भोंगा नाही. बँडाचा कोणी माणूस नाही.

*थांब बाबा, उंबऱ्यावरी...*

घरातून आला आवाज.

वस्तरा हातातून पडला. तो आत धावला. शीला एकटीच होती. लग्नाचं पातळ खांद्यावर टाकून आरशात बघत उभी होती. ओठ मिटलेले.

"काय झालं बाबा? रक्त आलंय गालावर."

"आता... आता कोण गायलं?"

"कोण गायलं? मी तर आत्ता कुठं उभी राह्यले." ती हसली. खोलीत हळदीचा वास भरला होता आणि हळद लागायला अजून सहा दिवस होते.

वरातीत येणारी आज घरात आली होती, आणि घरात नवरी होती. त्याला नाव नको होतं, गळा नको होता. त्याला फक्त एवढंच हवं होतं, की शीला या दारातून जाईल तेव्हा शीलाच जावी.

दुपार कलल्यावर तो वरच्या आळीत गेला. केशरबाईचं घर तसंच होतं, तीच खिडकी, तेच गज. म्हातारी ओट्यावर गहू निवडत बसली होती. तो पायरीखाली उभा राहिला. आठ वर्षांत तो कधी या दाराशी आला नव्हता. तो नुसताच म्हणाला,

"मावशी, तो आवाज माझा न्हाई."

केशरबाईनं मान वर केली नाही. "ठाऊक हाय मला," ती म्हणाली. "आईला पोरीचा आवाज कळत न्हाई व्हय? प्रत्येक वरातीला मागं येऊन उभी राह्यते मी. कुणाच्या का लग्नाची असंना. धावड्यालासुद्धा आल्ते एकदा, चालत." मग तिनं सूप बाजूला ठेवलं. "आठ वर्सं तुम्ही तो आवाज 'माझाच हाय' म्हणून सांगून राह्यले. मी कधी काही बोलले का?"

धर्मराजची मान खाली गेली. त्याला रडू फुटलं, आणि रडता रडताच त्यानं सगळं सांगितलं. सकाळची खिडकी, दिलेला शब्द, पाळलेलं सुतक, मारलेली बढाई. आणि आज सकाळी घरात काय झालं ते.

"तिला घरी बोलवा मावशी. तुमच्या घरी. माझ्या पोरीच्या लग्नात येऊ देऊ नका..."

म्हातारीनं त्याच्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. कसलीशी घाई होती.

"तुम्ही तिला शब्द दिल्ता. दारात थांबतो म्हणून. थांबला का?"

"न्हाई."

"मंग आता थांबा. दारात गा. बराबर वाजतगाजत." आणि मग, सूप पुन्हा ओढून घेत, सहज विचारावं तसं तिनं विचारलं, "तुमच्या पोरीचं लगीन कोणत्या दिवशी?"

दुसऱ्या दिवशी चारच्या उन्हात धर्मराजनं मच्छिंद्रला, एका क्लॅरिनेटवाल्याला आणि हातगाडीला वरच्या आळीत नेलं. जुना शब्द राहिलाय, एवढंच सांगितलं. आळी झोपेत होती. केशरबाईनं दार सताड उघडं टाकलं होतं आणि उंबरठ्याला हळदीकुंकू वाहिलं होतं. धर्मराजनं माइक ओठांशी नेला आणि डोळे मिटून गायला. इतकं सुंदर तो कधी गायला नव्हता. त्यात बढाई नव्हती, नाव नव्हतं, नुसता एक घाबरलेला बाप होता.

*वाट धर सासरची...*

तो थांबला. क्लॅरिनेट थांबला. भोंगा गप्प.

काहीच आलं नाही. दारातून एक गार झुळूक बाहेर आली, त्याच्या अंगावरून गेली, आणि वाऱ्यानं उडालेलं थोडं कुंकू त्याच्या पांढऱ्या पँटवर पडलं. केशरबाईनं दोन्ही हात जोडले. तिचा चेहरा एकदम निवला होता. तिनं त्याला ओट्यावर बसवून पाणी दिलं, स्वतःच्या तांब्यातून.

परतताना धर्मराज हलका झाला होता. शीळ घालत होता. गेली एकदाची घरात, आईजवळ.

"उस्ताद," मच्छिंद्र हातगाडी ढकलता ढकलता म्हणाला, "एक सांगू का? रागावू नका. ते गाणं आपण नवरीच्या दारात कशाला म्हणतो?"

"कशाला म्हणजे?"

"नवरीला बाहेर काढायला ना... आत घालायला न्हाई."

धर्मराजची शीळ थांबली. मागं वळून बघावंसं वाटलं. पण पाठवणीचं गाणं झालं की मागं वळायचं नसतं.

उरलेले दिवस त्यानं कसे काढले ते त्यालाच ठाऊक. शीलाला तो क्षणभर नजरेआड होऊ देईना. उषाबाई चिडवायची, "पोरगी जाफराबादला चाललीय, विलायतेला न्हाई." पण काहीच झालं नाही. आवाज नाही, वास नाही. शीला अंगण झाडायची आणि 'सासरची'वर घसरायची, आणि त्या घसरण्यानं धर्मराजच्या जिवात जीव यायचा.

लग्न लागलं. वंदना झाली, हार पडले, पंगती उठल्या. धर्मराज स्वतःच्या एकाच गळ्यानं गायला आणि लोक कुजबुजले, म्हातारा झाला, दुसरा गळा गेला. त्याला ते ऐकून बरं वाटलं. साडेपाचला पाठवणी निघाली. दारात जीप उभी होती. शीला उंबरठ्याच्या आत, डोक्यावर पदर घेऊन उभी होती.

"बाबा, तुम्ही म्हणा ना," ती म्हणाली. "तुम्ही म्हटल्याबिगर मी निघू कशी?"

त्याला नाही म्हणायचं होतं. पण सगळं गाव थांबलं होतं, आणि आवाज शीलाचाच होता, रडवेला, त्याच्या लाडक्या पोरीचा. त्यानं माइक घेतला.

*जा गं पोरी, दिस कलला,*
*वाट धर सासरची...*

भोंगा गप्प राहिला. धर्मराज श्वास रोखून उभा. एक, दोन, तीन. काही नाही. त्यानं श्वास सोडला. शीलानं पाऊल उचललं, उंबरठ्याबाहेर टाकलं, आणि पदर थोडा मागं सरला.

ती गायली. माइकशिवाय, कोवळ्या, ओल्या आवाजात, एकही सूर न चुकता. आणि दुसरं कडवं नव्हे. कुणीच कधी न ऐकलेलं तिसरं.

*आले बाबा, बंद करा*
*दार माझ्या मागचं...*

बाया हुंदके देऊ लागल्या. "बापाचा गळा उतरला गं पोरीत! आजवर लपवून ठेवल्ता मेलीनं!" उषाबाईनं तिला कवटाळलं. गर्दीतून एक म्हातारी पुढं आली. केशरबाई. पदरात खण, नारळ, तांदूळ, सगळं नीट बांधून आणलेलं, जुनं, पिवळं पडलेलं. तिनं नवरीची ओटी भरली, तिच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली आणि हळूच म्हणाली,

"सुखात राह्य, प्रभा."

नवरीनं वाकून तिच्या पायांना हात लावला. मग जीपमध्ये बसली. वळून बघितलं नाही.

धर्मराज ओरडला का? घशातून आवाजच निघेना. ना बापाचा, ना बाईचा. जीप केळनेच्या वळणावर दिसेनाशी झाली, धूळ खाली बसली, माणसं पांगली. लोक म्हणाले, पोरीच्या जाण्यानं गाणाऱ्याची वाचा गेली. ती पुन्हा आली नाही. जाफराबादहून मात्र सगळं चांगलंच कळत गेलं. सून गुणाची आहे, कामसू आहे, आणि गाते तर अशी, की ऐकणारा भान विसरतो.

उषाबाई ते ऐकून सुखावते. धर्मराज नुसता उंबरठ्याशी बसून असतो, कोणाला तिथून भराभर जाऊ देत नाही, आणि दार बंद करू देत नाही. संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला, अंगण रिकामं असताना, त्याच्या अगदी शेजारून गुणगुणणं येतं. जा गं पोरी, दिस कलला... आवाज नकळत जवळ सरकतो, 'सासरची'पाशी येतो, आणि जिथं वर जायचं तिथं धपकन खाली पडतो.